उरलेलं की उष्टं?

गरजू शेजाऱ्यांसाठी समारंभांतलं जेवण गोळा करायला सगळं घर मिळून निघालं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "कशाला उष्टंमाष्टं वाटत फिरता?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, दोन शब्दांची गल्लत झालेली असते, इतकंच.

उरलेलं म्हणजे पातेल्यात राहिलेलं. माणसं अंदाजापेक्षा कमी आली, एवढाच त्याचा दोष. ताटात वाढलेलं मात्र उष्टं, मग त्यातला घासही कुणी मोडलेला नसो. बोलीत कदाचित त्याला उष्टं म्हणणार नाहीत, पण या कामात म्हणावंच लागतं. ते खताच्या खड्ड्यात जातं.

पंचाईत होते ती टेबलावर मांडलेल्या भांड्यांची. शंभर जणांनी आपापल्या हातानं वाढून घेतलेलं. डाव कुणाच्या ताटाला टेकून परत आला, कोण सांगणार? मी ते घेत नाही. आत झाकून ठेवलेलं असेल तेवढंच मागते. यजमानांना कधी राग येतो, येऊ दे.

मोठे आकडेही ही गल्लत वाढवतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ऐकून मुलं हरखतात: एवढं सगळं वाटता येईल! पण त्यात साली आणि हाडंही मोजली आहेत, उष्टंही. शिवाय त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतलं.

आणि उरलेलं असलं तरी ते चांगलं असेलच असं नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. "परत उकळून देऊ" हा उपायही भरवशाचा नाही. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जंतूचं एक विष पुन्हा तापवूनही जात नाही.

त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं काम धाकट्यांकडे असतं: डब्यांवर चिठ्ठ्या लावणं. पदार्थ कोणता, त्यात दूध किंवा दाणे आहेत का, आणि चुलीवरून केव्हा उतरवला. मोठी माणसं भिडेपोटी जे विचारत नाहीत, ते पोरं बिनदिक्कत विचारतात. वेळ कुणालाच सांगता आली नाही, तर तो डबा गाडीत चढत नाही.