केंद्राकर्षी आणि केंद्रोत्सारी शक्ती

एखाद्या देशातील प्रदेशांना आणि लोकसमूहांना एका राज्यसंस्थेत बांधून ठेवणाऱ्या घटकांना राजकीय भूगोलात केंद्राकर्षी शक्ती, तर त्यांना परस्परांपासून किंवा राज्यसंस्थेपासून दूर लोटणाऱ्या घटकांना केंद्रोत्सारी शक्ती असे म्हणतात. ही नावे भौतिकशास्त्रातून घेतलेली असली, तरी येथे मोजता येणारे बल अभिप्रेत नाही. अमेरिकन भूगोलज्ञ रिचर्ड हार्टशोर्न यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या जोडीची पद्धतशीर मांडणी केली. पर्वत, अंतर, विरळ वस्तीचे पट्टे, तसेच भाषा, धर्म व आर्थिक हितसंबंध यांतील भेद देशाला ताणतात. त्यांवर मात करणारा मुख्य घटक म्हणजे ‘हे राज्य कशासाठी आहे’ याविषयी सर्व विभागांतील लोकांना मान्य असलेली कल्पना, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पाठ्यपुस्तकांत या शक्तींचे दोन रकाने करून भाषा, धर्म, राष्ट्रध्वज, दळणवळण अशी वाटणी केलेली आढळते. ती सोयीची असली तरी फसवी आहे, कारण कोणताही घटक स्वभावतः जोडणारा किंवा तोडणारा नसतो. १९४७ मध्ये पाकिस्तानच्या दोन भागांत सुमारे १,६०० किमी. अंतर होते आणि समान धर्म हाच त्यांना जोडणारा प्रमुख दुवा होता. उर्दू हीच एकमेव राष्ट्रभाषा असेल, असे १९४८ मध्ये जाहीर होताच बंगाली भाषकांची बहुसंख्या असलेल्या पूर्व भागात असंतोष उसळला आणि २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला. १९५६ च्या संविधानाने बंगालीला मान्यता दिली खरी. पण तोवर भाषेच्या प्रश्नाला सत्तेतील व साधनसंपत्तीतील विषम वाट्याची जोड मिळाली होती. १९७० च्या निवडणुकीत अवामी लीग या पक्षाने पूर्वेकडील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या, पश्चिमेकडे एकही नाही. पुढच्याच वर्षी बांगलादेश वेगळा झाला. याउलट इंडोनेशियात सर्वांत मोठ्या समूहाची जावी भाषा बाजूला ठेवून व्यापारात रुळलेल्या मलायवर आधारित भाषा स्वीकारली गेली, त्यामुळे ती कोणा एका प्रबळ गटाची भाषा ठरली नाही. सोमालियात तर बहुतेकांची भाषा व धर्म एकच असूनही १९९१ मध्ये केंद्रसत्ता कोसळली.

भेदरेषा एकमेकींवर चढल्या की ताण वाढतो, एकमेकींना छेदल्या की तो विखुरतो. स्वित्झर्लंडमध्ये भाषेच्या आणि धर्मपंथाच्या सीमा जुळत नाहीत. बर्न या कँटनमधून (तेथील घटकराज्यातून) १९७९ मध्ये फ्रेंच भाषक व कॅथलिक बहुसंख्येचे जुरा हे कँटन वेगळे झाले, तेव्हा फ्रेंच भाषक पण प्रॉटेस्टंट असलेला दक्षिणेचा भाग बर्नमध्येच राहिला.

दळणवळणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ब्रिटिश कोलंबिया १८७१ मध्ये कॅनडात सामील झाला तो रेल्वेच्या आश्वासनावर, आणि ती रेल्वे १८८५ मध्ये पूर्ण झाली. मात्र वसाहतकाळात खाणीपासून बंदरापर्यंत टाकलेले लोहमार्ग देशातील विभागांना क्वचितच जोडतात. परकीय आक्रमणाची भीतीही लोकांना एकत्र आणते, पण ती भीती ओसरल्यावर तिचा प्रभावही ओसरतो.

संघराज्यरचना हा केंद्रोत्सारी ताणावरचा नेहमीचा उपाय मानला जातो. नायजेरियाने १९६७ मध्ये चार विभागांऐवजी १२ राज्ये केली, त्यात इग्बो या वांशिक समूहाचे प्राबल्य असलेल्या पूर्व विभागाचेही तुकडे पडले. त्यानंतर काही दिवसांतच या पूर्व विभागाने बियाफ्रा या नावाने फुटून निघण्याची घोषणा केली आणि १९७० पर्यंत यादवी चालली. पुढे राज्यांची संख्या ३६ झाली आणि १९९१ मध्ये राजधानी लागोसहून मध्यवर्ती अबुजाला नेण्यात आली. परंतु घटकराज्ये मोजक्या मोठ्या वांशिक समूहांच्या नावे आखलेली असतील, तर त्यांच्या हद्दीच उद्याच्या आंतरराष्ट्रीय सीमा ठरू शकतात. सोव्हिएत संघाची १५ प्रजासत्ताके १९९१ मध्ये आणि चेकोस्लोव्हाकियाचे दोन घटक १ जानेवारी १९९३ रोजी स्वतंत्र झाले, ते आधीपासून नकाशावर असलेल्या या अंतर्गत रेषांवरूनच.