स्टिअरिंग हलकं होतं तेव्हा

१९८९ साली आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ ला १.६ लिटरचं इंजिन होतं आणि ताकद साधारण ११५ अश्वशक्ती. आजची बऱ्यापैकी इलेक्ट्रिक फॅमिली कार सिग्नल सुटल्यावर तिला सहज मागे टाकते. सुरक्षेच्या बाबतीत तर तुलनाच नको. तरीही या गाड्यांचे मालक गंजलेले पत्रे बदलतात, बंद झालेले पार्ट शोधत फिरतात आणि विकायचं नाव काढत नाहीत. ६०-७० च्या दशकातल्या लोटस इलान, एमजीबी किंवा पोर्शे ९११ च्या मालकांचंही तेच.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण म्हणजे तरुणपणच्या आठवणी किंवा मिरवण्याची हौस. दोन्हींत थोडं तथ्य असेल, पण गाडी बनली तेव्हा जन्मालाही न आलेली मंडळी तिच्यामागे का लागतात, हे त्यातून कळत नाही. तिसरं उत्तर खुद्द शौकिनांचं असतं: ‘हिच्यात जीव आहे, ही बोलते.’ यंत्रात जीव नसतो. पण ‘बोलते’ या शब्दामागे एक खरी, न्यूटनमध्ये मोजता येणारी गोष्ट आहे. ती टायरमध्ये जन्मते आणि स्टिअरिंगच्या दांड्यातून हातात येते.

टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. त्याला ठसा म्हणू. चाक फिरताना रबराचा प्रत्येक कण ठशाच्या पुढच्या कडेने आत शिरतो, रस्त्याला चिकटतो आणि मागच्या कडेने सुटतो. वळणावर चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि चाक प्रत्यक्षात सरकत असतं किंचित वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. नाव घसरण्याचं असलं तरी एक-दोन अंशांपर्यंत टायर जवळपास घसरत नाही; रबर फक्त वाकतं. हा कोन नसेल तर टायर गाडीला वळवणारं बलच देऊ शकत नाही.

आता एकाच कणाकडे पाहू. ठशात शिरताना तो सरळ असतो, त्याच्यावर ताण नसतो. मग तो रस्त्याला धरून राहतो आणि वरची रिम बाजूला सरकत जाते, त्यामुळे कण वाकत जातो. मागच्या कडेशी पोचेपर्यंत तो सर्वांत जास्त वाकलेला असतो. म्हणजे बाजूचं बल ठशाच्या पुढच्या टोकाला जवळपास शून्य आणि मागच्या टोकाला सर्वाधिक असतं. या सगळ्या बलाची सरासरी जागा काढली तर ती ठशाच्या मध्यावर येत नाही, मध्याच्या थोडी मागे येते. किती मागे? साधारण ३० मिलिमीटर. या अंतराला न्यूमॅटिक ट्रेल म्हणतात, आणि हा सगळा लेख खरं तर या तीन सेंटिमीटरांबद्दल आहे.

बल मध्याच्या मागे लागलं की ते चाकाला सरळ करायला बघतं. हीच पीळ टाय रॉड (चाक वळवणारी सळई), रॅक (दातेरी पट्टी), पिनियन (तिच्यावर फिरणारं छोटं दातेरी चाक) आणि स्टिअरिंगचा दांडा अशा वाटेने हातापर्यंत येते. वळणात स्टिअरिंग ‘भरल्यासारखं’ लागतं ते यामुळे.

या अंतरात आणखी एक अंतर मिसळतं. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे कललेला असतो; या कलाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे अक्षाची रेघ रस्त्याला ठशाच्या मध्याच्या पुढे टेकते. सामानाच्या ट्रॉलीचं चाक ढकलल्यावर मागे वळून सरळ होतं, तोच हा परिणाम. चाकाची त्रिज्या २९० मिलिमीटर आणि कॅस्टर ३ अंश असेल, तर हा मेकॅनिकल ट्रेल सुमारे १५ मिलिमीटर भरतो. तो भूमितीने ठरतो, म्हणून वळणात फारसा बदलत नाही. न्यूमॅटिक ट्रेल मात्र बदलतो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

वेग वाढवला, वळण घट्ट केलं, की स्लिप अँगल वाढतो. ठशाच्या मागच्या भागातले कण आधीच खूप वाकलेले असतात. घर्षणाची मर्यादा तेच पहिल्यांदा गाठतात आणि घसरू लागतात. त्यांच्याकडून आता जास्त बल मिळत नाही. पुढच्या कणांकडे अजून शिल्लक असते, त्यामुळे एकूण बल वाढत राहतं. पण वाढ पुढच्या बाजूला होत असल्याने बलाची सरासरी जागाही पुढे सरकते. न्यूमॅटिक ट्रेल ३० वरून २०, १०, ५ मिलिमीटर असा आटत जातो.

आकडे घालून बघू. हजार किलोची गाडी, पुढच्या दोन चाकांवर मिळून ५२० किलो भार. मध्यम जोराच्या वळणात पुढची चाकं बाजूला ३००० न्यूटन बल देतात. ट्रेल ३० अधिक १५, म्हणजे ४५ मिलिमीटर. पीळ झाली १३५ न्यूटन-मीटर. स्टिअरिंगचं गुणोत्तर १५:१ धरलं (स्टिअरिंग १५ अंश फिरवलं की चाक १ अंश वळतं) तर दांड्यावर ९ न्यूटन-मीटर येते, आणि १८ सेंटिमीटर त्रिज्येच्या स्टिअरिंगच्या कडेवर ५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ किलोचा जोर. आता पकड संपत आल्यावर: बल वाढून ४५०० न्यूटन, पण ट्रेल ५ अधिक १५, म्हणजे २० मिलिमीटर. पीळ ९० न्यूटन-मीटर. हातात येतात ३३ न्यूटन. टायरवरचं बल दीडपट झालं आणि हातातला जोर एक तृतीयांशाने कमी झाला. (जोडांमधलं घर्षण इथे सोडून दिलं आहे.)

सरळ करणारी पीळ साधारण ३ ते ५ अंश स्लिप अँगलला शिखर गाठते. बाजूचं बल शिखर गाठतं ७ ते १० अंशांच्या आसपास. मधल्या पट्ट्यात टायर सांगत असतो की अजून पकड आहे, पण फार नाही. गाडी अजून रेघेवर असते, डोळ्यांना काहीही दिसत नसतं, टायरची किंकाळीही सुरू झाली नसेल, आणि हाताला कळलेलं असतं. या गाड्यांचे शौकीन ‘बोलते’ म्हणतात ते याला.

मग नव्या गाड्यांत हे का हरवतं? टायर तर तेच भौतिकशास्त्र पाळतात. हरवतं ते वाटेत. सुझुकीने १९८८ मध्ये सेर्वो या छोट्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आणलं. आज ते जवळपास सगळीकडे आहे. त्यात दांड्यातल्या एका बारीक पिळदार सळईवरून चालकाचा जोर मोजतात आणि त्या प्रमाणात मोटर मदत करते. अनेक गाड्यांत ही मोटर वर्म गिअरमधून (आटेदार दांडा आणि त्यात अडकणारं दातेरी चाक) स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेली असते. तिचं गुणोत्तर २०:१ असेल, तर मोटरच्या रोटरचं जडत्व दांड्याला २० च्या वर्गाइतकं, म्हणजे ४०० पट जाणवतं. टायरकडून येणाऱ्या लहान, झटपट धक्क्यांना एवढं जडत्व हलवता येत नाही आणि ते तिथेच विरतात. उलट दिशेने येणाऱ्या जोराला वर्म गिअरमधलं घर्षणही खातं. उरलं ते किती पोचू द्यायचं, हे सॉफ्टवेअर ठरवतं. अभियंते यावर उत्तम काम करत आहेत आणि काही नव्या गाड्यांत ट्रेल आटल्याचं चांगलं कळतं. ‘इलेक्ट्रिक म्हणजे मेलेलं’ हा सरसकट निवाडा चुकीचा आहे.

होंडा एनएसएक्सने तर हा प्रयोगच करून ठेवला आहे. सुरुवातीच्या वर्षांत ऑटोमॅटिक गिअरच्या एनएसएक्सला इलेक्ट्रिक मदत होती आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीला कसलीच नव्हती. पोर्शे ९११ ला पॉवर स्टिअरिंग आलं १९८९ मध्ये, ९६४ या पिढीत, हायड्रॉलिक पद्धतीचं. इलेक्ट्रिक आलं २०११ मध्ये, ९९१ मध्ये. जाणकार आजही या दोन वर्षांची नावं घेऊन वाद घालतात.

बिनमदतीचं स्टिअरिंग परवडतं ते गाडी हलकी असली तरच. लोटस इलान (१९६२) सुमारे ७०० किलोंची होती. दोन टनांच्या गाडीत पार्किंग करताना मदतीशिवाय हात दुखून येतील. हलकेपणा हा इथे कारणाच्याही मागचं कारण आहे.

पण जुनी गाडी बोलते ती सगळे सांधे धड असले तरच, आणि इथे बरेच मालक स्वतःच्या हातांनी गाडीचं तोंड बंद करतात. सर्वांत आधी टायर. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची नक्षी कधीच झिजत नाही. टायर वयाने मरतो. ऑक्सिजनमुळे रबर कडक होतं, कण पुरेसे वाकत नाहीत आणि घसरण अचानक येते. टायरच्या कडेवर डॉट खुणेच्या शेवटी चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासावा, दहा वर्षांनी नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाकावा. टायरमध्ये नायट्रोजन भरला की गाडी सुधारते, या जाहिरातीवर पैसे घालवू नयेत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. महिन्यातून एकदा टायर थंड असताना दाब मोजणं याहून कितीतरी उपयोगी.

रुंद टायर ही दुसरी चूक. सुरुवातीच्या ९११ ला १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. भार आणि दाब तेच असतील तर ठशाचं क्षेत्रफळही साधारण तेवढंच राहतं. १६५ च्या जागी २०५ चा टायर घातला की ठसा रुंद होतो आणि लांबीला आखडतो. लांबी आखडली की न्यूमॅटिक ट्रेलही आखडतो. पकड थोडी वाढते, इशारा मात्र कमी होतो. तीच गोष्ट जास्त कॅस्टरची. सरळ रस्त्यावर स्थैर्य मिळावं म्हणून कॅस्टर ३ वरून ७ अंशांवर नेला, तर मेकॅनिकल ट्रेल १५ वरून ३५ मिलिमीटर होतो. वरच्या हिशेबात मग १९५ आणि १८० न्यूटन-मीटर येतात. एक तृतीयांशाची घट आठ टक्क्यांवर आली. माणसाच्या हाताला जोरातला सात ते दहा टक्क्यांपेक्षा कमी फरक ओळखणं अवघड जातं, म्हणजे इशारा जवळपास पुसला गेला.

मग सांधे. पुढचं चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, वर-खाली धरून हलवावं: खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवावं: खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक. रॅकमध्ये एक बारकावा आहे. तो सर्वांत जास्त मधोमध झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. मधला खेळ काढायला डॅम्पर (रॅकला पिनियनवर दाबून धरणारा भाग) कसला, तर न झिजलेल्या टोकांना रॅक आवळून बसतो. घर्षण वाढतं आणि टायरचा आवाज त्यात बुडतो. झिजलेला रॅक बदलायचाच असतो.

सस्पेन्शनचे रबरी बुश बदलताना बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. हे बुश आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेले असतात आणि रबर पिळून हालचाल देतात. चाक लोंबकळत असताना बोल्ट कसला, तर गाडी खाली आणताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. त्याऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ते पिळत नाहीत, घासून फिरतात. सिलिकॉन ग्रीस सुकलं की ते अडखळतात आणि करकरतात.

ट्रायम्फ स्पिटफायर आणि त्याच कुळातलं पुढचं सस्पेन्शन वापरणाऱ्या लोटस इलानमध्ये चाकाचा खालचा सांधा ट्रनियन नावाच्या पितळी आट्यांचा असतो. त्यात ग्रीस नको, ९० नंबरचं गिअर ऑइल हवं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी साचतं, गंज धरतो. आधी स्टिअरिंग जड होतं, आणि दुर्लक्ष केलं तर आटे असलेला दांडा तुटून चाक आडवं पडतं. दर १० हजार किलोमीटरना, आणि गाडी कमी चालत असेल तर वर्षातून एकदा, तेल बाजूने बाहेर येईपर्यंत भरावं.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या कडेला किती आत वळलेली आहेत ते. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर समांतर दोऱ्या ताणाव्यात, रिमची पुढची आणि मागची कड दोरीपासून किती दूर आहे ते मोजावं आणि दोन्हींतला फरक मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवावा. बहुतेक मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जुन्या गाड्यांत दोन्ही चाकांचा मिळून तो एक ते तीन मिलिमीटर असतो.

हे सगळं झाल्यावर परीक्षा घ्यावी, पण बंदिस्त, मोकळ्या, कोरड्या पटांगणातच. ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखावं आणि त्यावर गाडी फिरवत वेग अगदी हळू वाढवावा. ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग चांगलं भरलेलं असेल. ५० च्या पुढे, वर्तुळ न सोडता, ते हातात सैल पडू लागेल. ५७ च्या जवळ पुढची चाकं बाहेर सरकायला लागतील. एक्सलरेटर हळूच सोडला की तो भरीवपणा हातात परत येतो.