दुपारचे दोन आणि पहाटेचे चार

थायलंडमधल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांमध्ये दुपारी दोन वाजता बिअरचा फ्रिज बंद व्हायचा. कुठे त्यावर पडदा ओढला जायचा, कुठे साखळी लागायची, कुठे नुसती पाटी असायची: विक्रीची वेळ ११ ते २ आणि ५ ते १२. दोनला दोन कमी असताना बाटल्या कवटाळून रांगेत उभ्या राहिलेल्या पर्यटकाचा नंबर दोन वाजून एक मिनिटाने लागला, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून बाटल्या बाजूला ठेवायची. भांडून उपयोग नसे. संध्याकाळी पाच वाजता तोच फ्रिज पुन्हा उघडायचा.

हा नियम १९७२ चा. थानोम कित्तीकाचोर्न यांच्या लष्करी राजवटीत निघालेला. सरकारी नोकरांनी जेवणाच्या सुट्टीत ‘बसू’ नये, हे त्यामागचं कारण म्हणून आजही सांगितलं जातं. राजवटी बदलल्या, राज्यघटना बदलल्या, २००८ मध्ये मद्य नियंत्रणाचा नवा कायदा आला. दुपारचे तीन तास मात्र जागचे हलले नाहीत. ८ नोव्हेंबर २०२५ ला तर ते आणखी कडक झाले. त्या दिवशी लागू झालेल्या दुरुस्तीनुसार निषिद्ध वेळेत पिणाऱ्यालाही १०,००० बाट, म्हणजे २७ हजार रुपयांच्या आसपास, दंड होऊ शकत होता. दीडला मागवलेली बिअर सव्वादोनला पीत बसलात तरी तुम्ही अडकणार. ऐन हंगामाच्या तोंडावर ही बातमी जगभर फिरली आणि हॉटेलवाल्यांच्या पोटात गोळा आला. महिनाभरात सरकारने पाऊल मागे घेतलं. ३ डिसेंबरपासून दुपारची बंदी १८० दिवसांसाठी, प्रयोग म्हणून, उठवली गेली.

वादाचे दोन्ही पक्ष आपल्या ओळखीचे आहेत. एक म्हणतो, पर्यटकाला सुट्टीत दुपारी बिअर मिळाली नाही तर तो व्हिएतनामला जाईल. दुसरा म्हणतो, पैशासाठी लोकांना दारू पाजणार का? थायलंडमध्ये २०१९ मध्ये जवळपास ४ कोटी परदेशी पर्यटक आले होते. २०२४ मध्ये साडेतीन कोटी, आणि त्यातले २० लाखांहून जास्त भारतीय. व्हिसा माफ झाल्यापासून पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींना पटाया गोव्याइतकंच जवळ वाटू लागलं आहे. त्यामुळे पहिल्या पक्षाची काळजी पोकळ नाही. दुसऱ्याचीही नाही. अडचण अशी, की दोघेही ‘विक्रीचे तास’ ही एकच गोष्ट असल्यासारखे बोलतात. शरीराच्या लेखी दुपारचे तीन तास आणि मध्यरात्रीनंतरचे तीन तास यांत फार मोठा फरक आहे.

त्याचं मूळ यकृतात आहे. बहुतेक औषधं शरीरातून बाहेर पडताना प्रमाणात पडतात, म्हणजे रक्तात जास्त असली तर जास्त वेगाने. दारूचं तसं नाही. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं विकर तिचं विघटन करतं, आणि थोड्याशा दारूतच त्याची क्षमता संपते. त्यापुढे तुम्ही एक पेग घ्या की सहा, यकृत आपल्या ठरल्या वेगानेच काम करतं: दर तासाला १०० मिलिलिटर रक्तातली साधारण १५ मिलिग्रॅम दारू. माणसागणिक हा आकडा थोडा कमी-जास्त होतो, रोज पिणाऱ्यांचा वेग काहीसा वाढलेला असतो, पण लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी तो हलत नाही. कॉफीने फक्त जागा असलेला दारुडा मिळतो.

आता थोडी बेरीज-वजाबाकी करू. थायलंडमध्ये बिअरची मोठी बाटली साधारण ६३० मिलिलिटरची असते. पाच टक्क्यांच्या हिशेबाने तिच्यात सुमारे २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्यातून ढोबळमानाने (दर १०० मिलिलिटरला) ५२ मिलिग्रॅमची भर पडते. (त्याच वजनाच्या स्त्रीच्या रक्तात आणखी जास्त, कारण तिच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं.) समजा हा गृहस्थ अगदी सभ्यपणे, तासाला अर्धी बाटली या गतीने रात्री नऊपासून पितो आहे. तासाला २६ जमा, १५ खर्च, शिल्लक ११. बाराच्या ठोक्याला त्याच्या रक्तात ३३ मिलिग्रॅम. वाहन चालवण्यासाठी थायलंडची मर्यादा ५० ची आहे, म्हणजे तिथल्या कायद्याने तो बसतो. (आपल्याकडे मर्यादा ३० ची, इथे अडकला असता.) बार पहाटे चारपर्यंत उघडा असेल आणि तो त्याच सभ्य गतीने पीत राहिला, तर चार वाजता रक्तात ७७. ‘जास्त प्यायलो’ असं त्याला कुठल्याही क्षणी वाटलेलं नाही. घोट तेवढेच, गप्पा त्याच. फक्त बैठक लांबली. त्यात पहाटेची वेळ अशी, की शरीराचं आतलं घड्याळ तसंही सावधपणाची किमान पातळी गाठत असतं. झोपेचा अंमल आणि दारूचा अंमल एकमेकांवर चढतात. आणि मग तो भाड्याच्या स्कूटरची किल्ली खिशातून काढतो.

हे झालं कागदावरचं गणित. खऱ्या शहरांत काय होतं ते पाहायला नॉर्वेइतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडेल. तिथे बार कधी बंद करायचे हे नगरपालिका ठरवते, आणि एखादी वेळ वाढवते तर दुसरी कमी करते. इंगेबोर्ग रोसोव आणि थोर नोर्स्ट्रोम यांनी अशा १८ शहरांची २००० ते २०१० या काळातली पोलिसांकडची नोंद तपासली. शनिवार-रविवारच्या रात्री दहा ते पहाटे पाच, शहराच्या मध्यभागी किती मारामाऱ्या झाल्या? बार एक तास उशिरा बंद झाला की त्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढत होत्या. या अभ्यासातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे त्याच वेळी शहराच्या बाहेरच्या भागातल्या मारामाऱ्याही त्यांनी हिशेबात धरल्या, म्हणजे ‘एकूणच गुन्हे वाढले असतील’ ही पळवाट बंद झाली. दुसरी म्हणजे परिणाम दोन्ही दिशांना सारखा निघाला. तास वाढवला की हाणामारी वाढली आणि कमी केला की घटली. अशी सममिती दिसली की योगायोगाची शंका बरीचशी मागे पडते.

ॲमस्टरडॅम हे पर्यटकांचंच शहर. तिथे २००९ मध्ये रात्रीच्या पाच रंगेल भागांपैकी दोनच भागांना एक तास वाढवून मिळाला. त्या दोन भागांत दारूशी संबंधित दुखापतींसाठी रुग्णवाहिका धावण्याचं प्रमाण इतर भागांच्या तुलनेत ३४ टक्क्यांनी वाढलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये उलटं झालं. २००८ मध्ये शहराच्या मध्यभागातल्या चौदा पबना पाचऐवजी साडेतीनला दार लावायला सांगितलं, आणि शेजारच्या हॅमिल्टनच्या तुलनेत रात्रीचे हल्ले ३७ टक्क्यांनी उतरले. ब्राझीलच्या दियादेमा शहरात तर २००२ मध्ये रात्री अकरालाच बार बंद करायला लावले. आधी तिथले बहुतेक बार चोवीस तास चालत. महिन्याला जवळपास नऊ खून कमी झाले.

इंग्लंडचं उत्तर इतकं सरळ नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तिथे चोवीस तास परवान्याची सोय झाली. वर्तमानपत्रांनी प्रलयाची भाकितं केली होती. प्रलय आला नाही. एकूण हिंसाचारात ठळक फरक दिसला नाही, पण पहाटे ३ ते ६ या वेळातल्या गंभीर घटना वाढल्या. सवलत मिळाली तरी बहुतेक पबनी प्रत्यक्षात थोडाच वेळ वाढवून घेतला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. कागदावरचा नियम आणि रस्त्यावरचा नियम वेगळे असले, की अभ्यासकाच्या हाती गोंधळच लागतो.

मग तास जितके कमी तितकं बरं का? याचं उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने पन्नास वर्षं देऊन ठेवलं आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे पब संध्याकाळी सहाला बंद करायचा नियम आला. लोक पाचला कामावरून सुटत. हातात एक तास. पबमध्ये खुर्च्या-टेबलं काढून टाकली जात, काउंटर लांबवले जात, ग्लास भरायला नळीला जोडलेली तोटी घेऊन माणूस काउंटरच्या मागे फिरत असे, आणि खांद्याला खांदा लावून उभे असलेले पुरुष सहाच्या ठोक्याआधी मिळेल तितकी बिअर घशात ओतत. न्यूझीलंडमध्ये हा प्रकार १९६७ पर्यंत चालला. यकृताच्या हिशेबात बसवून पाहिलं तर कळतं, की चार तासांत पोहोचणारी दारू एका तासात पोहोचली. १५ चा खर्च करायला वेळच मिळाला नाही. एकूण दारू तेवढीच धरली तरी रक्तातलं शिखर उंच गेलं. शिवाय सगळे एकाच मिनिटाला रस्त्यावर. एकाच वेळी बाहेर पडलेल्या गर्दीत धक्का लागतो, टॅक्सीवरून वाद होतो, आणि दवाखान्याचा दरवाजाही एकदमच भरतो.

थाई दुपारकडे वळताना हे दोन्ही धडे बरोबर हवेत. बाटलीबंद दारू दुकानातून विकण्याच्या वेळा आवळल्या तर काय होतं, याचा एक चांगला पुरावा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातून मिळतो. मार्च २०१० पासून तिथल्या दुकानांना आणि पेट्रोल पंपांना रात्री दहा ते पहाटे पाच दारू विकायला मनाई झाली. किशोरवयीन आणि तरुण मुलांचं दारूमुळे इस्पितळात दाखल होणं सुमारे ७ टक्क्यांनी घटलं. पार्टी रंगात आल्यावर ‘अजून एक आणू या’ असं ज्यांना वाटतं, त्यांना हा नियम अडवतो. ज्याने आधीच घरात साठा केला आहे त्याचं काहीच बिघडत नाही. आपल्याकडे ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी वाईन शॉपसमोर लागलेली रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. वेळेची बंदी चालते ती अचानक सुचलेल्या खरेदीवर, आणि दारूची अचानक खरेदी घातक ठरते ती आधीच बरीच झालेली असताना. ती वेळ रात्रीची. दुपारी दोनला बाटली शोधणारा सहसा कोरा असतो आणि त्याला तीन तास थांबता येतं. किंवा तो नियमित पिणारा असतो आणि त्याने सकाळीच सोय करून ठेवलेली असते.

म्हणून माझं मत असं, की दुपारची बंदी उठवण्यावरून एवढा गदारोळ व्हायला नको होता आणि त्याआधी झालेल्या बदलावरून तो व्हायला हवा होता. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉक, फुकेत, चोनबुरी (म्हणजे आपलं लाडकं पटाया), चियांग माई आणि को समुई इथल्या मनोरंजन स्थळांना पहाटे चारपर्यंत मुभा मिळाली. नॉर्वेत मोजलेल्या आणि ॲमस्टरडॅमला भोवलेल्या तासांच्या जातीचे हे तास. पुरावा जिथे भक्कम आहे तिथे सरकारने दार उघडलं, आणि जिथे तो लंगडा आहे तिथे दोन वर्षं वाद घातला.

पर्यटनाच्या नफ्याचा आणि नुकसानीचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडला जातो, हीही अडचण आहेच. तीन वाजता विकलेली बिअर त्याच दिवशी गल्ल्यात दिसते. पहाटे चारचा अपघात आरोग्य खात्याच्या वहीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये थायलंडच्या रस्त्यांवर दर लाख लोकांमागे जवळपास ३३ जण मेले. जगातल्या सर्वात वाईट आकड्यांपैकी हा एक. मरणाऱ्यांत बहुसंख्य दुचाकीस्वार. नववर्षाच्या आणि सोंगक्रानच्या (म्हणजे एप्रिलमधल्या पारंपरिक थाई नववर्षाच्या) काळाला तिथली यंत्रणा अधिकृतपणेच ‘सात धोक्याचे दिवस’ म्हणते आणि रोज मृतांचा आकडा जाहीर करते.

आणि नेमकं यामुळेच १८० दिवसांच्या प्रयोगाबद्दल मी फारसा आशावादी नाही. ३ डिसेंबरला सुरू होऊन मेअखेरीस संपणाऱ्या या काळात नववर्षही आलं आणि एप्रिलचं सोंगक्रानही. पर्यटनाचा सगळा हंगामही त्यातच. अपघात वाढले तर सण कारणीभूत, विक्री वाढली तर हंगाम कारणीभूत, असं दोन्ही बाजू म्हणू शकतात. मागच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी, तर २०२५ मध्ये पर्यटकच घटले होते. शिवाय बंदी सगळ्या देशात एकदमच उठवली. आधी निम्म्या प्रांतांत, तीन महिन्यांनी उरलेल्यांत, असं केलं असतं तर तुलनेला दुसरी बाजू आपोआप मिळाली असती. नॉर्वेला ती नगरपालिकांच्या वेगवेगळ्या निर्णयांतून फुकट मिळाली होती.

तरी एक जागा उरते. ईशान्येकडचा इसान हा भातशेतीचा, गरीब, पर्यटकांची फारशी वर्दळ नसलेला भाग. फुकेतच्या समुद्रकिनाऱ्यासाठी काढलेली सूट उदोन थानी आणि खोन केनच्या किराणा दुकानांनाही लागू झाली. तिथे दुपारी दोन ते पाचमध्ये विकलेली बाटली जवळजवळ सगळी स्थानिकच विकत घेणार. तिथल्या जिल्हा इस्पितळांत संध्याकाळी पाच ते नऊ दरम्यान आलेले दुचाकीचे जखमी आणि त्यांच्या रक्तातलं दारूचं प्रमाण, हे दोन आकडे प्रांतवार जाहीर झाले, तर दुपारचे तीन तास निरुपद्रवी आहेत हा माझा अंदाज खरा की खोटा ते कळेल.