चहाच्या पेट्यांखालची चिनीमाती

1986 साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये क्रिस्टीजने चिनीमातीच्या सुमारे दीड लाख नगांचा लिलाव केला. जुन्या वस्तूंच्या बाजारात हा माल आजही ‘नानकिंग कार्गो’, म्हणजे नानकिंग (आजचं नानजिंग) शहराचा जहाजी माल, म्हणून विकला जातो, पण जहाजात तो चढला कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला. डच ईस्ट इंडिया कंपनीचं ‘गेल्डरमाल्सन’ हे जहाज 1751 च्या डिसेंबरात तिथून निघालं आणि 3 जानेवारी 1752 रोजी दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आपटलं. जहाजावरच्या 112 जणांपैकी 32 वाचले. भांडी मात्र सव्वादोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही बरीचशी शाबूत निघाली. त्यांच्यावर चहाच्या पेट्या रचल्या होत्या. त्या फुटल्या आणि भिजलेल्या चहाचा थर भांड्यांभोवती बसला.

कंपनीच्या हिशेबात खरा माल चहा होता, भांडी त्याच्या सोयीसाठी. युरोपची वाट महिनोन्‌महिन्यांची, जहाजाच्या तळाशी पाणी झिरपणारच. चहाला ओल लागली की तो वाया, आणि तो हलका असल्याने जहाज स्थिर राहायला तळाशी वजनही हवंच. चिनीमाती जड, पाण्याने न बिघडणारी, वास न धरणारी आणि वर विकून चार पैसे देणारी. म्हणून तिचे खोके खाली आणि चहा वर. आज काचेच्या कपाटात मानाने बसलेल्या पुष्कळ बश्यांनी आपला पहिला प्रवास असा केला आहे.

सुरुवातीला मात्र तिचा थाट निराळा होता. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं आणि 1557 च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकावमध्ये बस्तान बसवलं. मकाव, मलाक्का, गोवा, लिस्बन असा हा माल जाई. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत उत्खनन झालं तेव्हा चिनी भांड्यांचे तुकडे सापडले, आणि गोव्यातल्याच चांदर गावी ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात चिनी भांडी आजही पाहायला मिळतात. उत्तर युरोपला या मालाची चटक लागली ती चक्क लुटीतून. 1603 च्या फेब्रुवारीत डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यात चिनीमातीचे सुमारे एक लाख नग होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांसाठीही खरेदी झाली. या लुटीचं समर्थन करायला कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला गाठलं. त्याच्या युक्तिवादाचं एक प्रकरण 1609 मध्ये स्वतंत्र छापलं गेलं, आणि समुद्र सर्वांना खुला असतो हे आंतरराष्ट्रीय कायद्यातलं तत्त्व त्यातूनच पुढे आलं. तत्त्वं कुठून जन्माला येतील याचा नेम नाही!

हे सगळं बनायचं ते मुख्यतः जियांगशी प्रांतातल्या जिंगडेझेनला. जवळच्या गावोलिंगची पांढरी माती, तिच्यात कुटून मिसळलेला एक प्रकारचा दगड आणि सुमारे 1300 अंश सेल्सियसची भट्टी, एवढ्यावर तिथल्या कुंभारांनी शतकानुशतकं जग जिंकलं. फादर दांत्रकोल या फ्रेंच जेझुइटाने 1712 आणि 1722 मध्ये तिथून सविस्तर पत्रं पाठवली. एक भांडं सत्तर जणांच्या हातांखालून जातं, असं त्याने लिहिलं आहे. रेषा काढणारा वेगळा, रंग भरणारा वेगळा. त्याची पत्रं म्हणजे धर्मप्रचारकाच्या झग्यातली औद्योगिक हेरगिरीच होती. पण पत्रं पोहोचण्याआधीच जर्मनीत माइसेनला हे गुपित उकललं होतं, आणि 1710 मध्ये तिथे कारखाना निघाला.

गिऱ्हाईक परदेशी झालं तसे आकार बदलले. डच 1635 च्या सुमारास लाकडाचे नमुने कोरून पाठवू लागले: अशी सुरई हवी, एवढी रुंद कड हवी. चीनमध्ये मिंग घराणं कोसळून माल तुटला तेव्हा त्यांनी जपानमधल्या अरिता या गावच्या कुंभारांकडे मोर्चा वळवला. 1684 मध्ये चीनने सागरी व्यापारावरची आपली बंदी उठवली, आणि 1757 नंतर युरोपीय व्यापाऱ्यांना कँटन हे एकच बंदर उरलं. मग कोरी भांडी जिंगडेझेनहून नदीने, मेइलिंगच्या खिंडीत हमालांच्या खांद्यावरून आणि पुन्हा नदीने कँटनला येत आणि तिथे रंगवली जात. इंग्रज घराण्यांची कुलचिन्हं, कोरीव चित्रांच्या नकला, जे कागदावर येईल ते. चितारी अक्षर न वाचता हुबेहूब उतरवायचे.

आता पैशांचं. चीनला युरोपचं फारसं काही नको होतं, हवी होती चांदी. इंग्रज कंपनीने चहासाठी ती वर्षानुवर्षं ओतली, आणि ही गळती थांबवायला हिंदुस्थानचा माल पुढे केला: आधी मुंबईहून कापूस, मग अफू. बंगालची अफू कंपनी कलकत्त्यात लिलावाने विकायची, माळव्याची मुंबई आणि दमणमार्गे निघायची. जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती याच कापूस-अफूच्या व्यापारातली. चीनला जाताना 1805 मध्ये त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं, तेव्हा जहाजावरचा डॉक्टर होता विल्यम जार्डिन, पुढचा अफूसम्राट. 1842 मध्ये जमशेटजींना ‘सर’ किताब मिळाला. त्याच वर्षी पहिलं अफूयुद्ध हरलेल्या चीनने नानकिंगचा तह केला. जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळेशी जोडलेल्या नावाची ही बाजू मुंबईत फारशी बोलली जात नाही.

या धामधुमीत चिनीमाती केव्हाच मागे पडली होती. इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरच्या कारखान्यांनी स्वस्त छापील भांडी काढली होती, आणि 1791 मध्ये इंग्रज कंपनीने चिनीमाती मोठ्या प्रमाणावर आणणं बंद केलं. चहा मात्र येतच राहिला. इंग्लंडात ‘विलो’ नक्षी लोकप्रिय झाली: पूल, झाडं, दोन पाखरं. तिच्यावरची ‘प्राचीन चिनी’ प्रेमकथाही इंग्लंडातच रचलेली. अमेरिकनांनी 1784 मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज पाठवून कँटनशी व्यापार सुरू केला होता आणि पुढची काही दशकं मागणी टिकवली ती प्रामुख्याने त्यांनीच. 1850 च्या दशकात चीनमधल्या ताइपिंग बंडात जिंगडेझेनच्या भट्ट्याच उद्ध्वस्त झाल्या. त्या पुन्हा पेटल्या, पण तोवर युरोपच्या जेवणाच्या टेबलावरची जागा माइसेन आणि स्टॅफर्डशरने घेतली होती.