इब्न अरबी : ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधलं

सूफी तत्त्वज्ञानाचा विषय निघाला की ‘वहदत-उल-वुजूद’, म्हणजे अस्तित्वाचं एकत्व, हा शब्द येतोच. आणि पाठोपाठ शेख मुहियुद्दीन इब्न अरबी यांचं नाव. मानणारे त्यांना ‘शेख-उल-अकबर’, सर्वांत थोर गुरू, म्हणतात. विरोधकांनी त्यांना पाखंडी ठरवलं. पण ज्या शब्दावरून आठशे वर्षं वाद चालला, तो त्यांनी सिद्धान्ताचं नाव म्हणून कधी वापरलेला नाही. त्यांचे शिष्य सद्रुद्दीन कूनवी यांच्या परंपरेत तो पुढे रुळला.

जन्म ११६५चा, आजच्या स्पेनमधल्या मुर्सियाचा. वाढले सेव्हिलमध्ये. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा वडिलांनी त्यांना कॉर्डोबाला इब्न रुश्द या विख्यात तत्त्ववेत्त्याकडे पाठवलं. ही भेट त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. इब्न रुश्द उठून सामोरे आले, मिठी मारली आणि म्हणाले, ‘हो?’ मुलगा म्हणाला, ‘हो.’ त्यांचा चेहरा खुलला. ते पाहून मुलगा म्हणाला, ‘नाही.’ चेहरा पडला. बुद्धीने जे कळतं तेच साधनेतल्या साक्षात्काराने कळतं का, असा तो प्रश्न होता. उत्तर एकाच वेळी ‘हो’ही होतं आणि ‘नाही’ही.

११९८ मध्ये इब्न रुश्द मराकेशला वारले. पुढे त्यांचं पार्थिव कॉर्डोबाला नेताना खेचराच्या एका बाजूला शवपेटी आणि तोल साधायला दुसऱ्या बाजूला त्यांचेच ग्रंथ लादले होते. इब्न अरबी तिथे उभे होते. त्या माणसाची आस पुरी झाली असेल का, असं त्यांच्या मनात आलं. त्यात विजयाचा सूर मला ऐकू येत नाही. हळहळ ऐकू येते.

इब्न अरबींच्या गुरूंमध्ये स्त्रियाही होत्या, हे आवर्जून सांगायला हवं. सेव्हिलच्या नव्वदी ओलांडलेल्या फातिमा यांची त्यांनी सेवा केली आणि राहायला बोरूंची झोपडी स्वतःच्या हातांनी बांधून दिली.

१२०२ मध्ये ते मक्केला पोचले. तिथे सुरू केलेला ‘फुतूहात अल-मक्किय्या’ हा ग्रंथ ५६० अध्यायांचा झाला. ‘फुसूस अल-हिकम’ त्या मानाने छोटा, २७ प्रकरणांचा. प्रत्येक प्रकरण एकेका प्रेषिताच्या नावे. वाद पेटला तो मुख्यतः याच्यावरून.

शिकवण थोडक्यात अशी : खरं अस्तित्व एकाच परमेश्वराचं. तो गुप्त खजिना होता, ओळखलं जावं अशी त्याला ओढ लागली, म्हणून सृष्टी झाली. सृष्टी हा त्याचा आरसा. आरशातलं रूप पाहणाऱ्याचंच असतं, तरीही ते पाहणारा नसतं. म्हणून प्रत्येक वस्तूबद्दल ते म्हणतात, ‘तो आहे, तो नाही.’ कॉर्डोबातलं उत्तरच पुन्हा. मराठी वाचकाला इथे अद्वैत आठवणारच. पण जग मिथ्या म्हणून बाजूला सारणाऱ्या मायावादापेक्षा, जगाला चैतन्याचाच विलास म्हणणाऱ्या ‘अमृतानुभवा’शी हे मला जास्त जवळचं वाटतं. अर्थात दोन्ही परंपरा आपापल्या जागी स्वतंत्र.

१२४० मध्ये दमास्कसला त्यांचं निधन झालं. पुढे धर्मशास्त्रज्ञ इब्न तैमिया यांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. उलट ऑटोमन सुलतान सलीम पहिला याने दमास्कस जिंकल्यावर इब्न अरबींच्या कबरीवर इमारत आणि शेजारी मशीद उभारली.

हा वाद दख्खनलाही पोचला. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (मृत्यू १४२२) हे चिश्ती या सूफी पंथातले, लहानपणी काही वर्षं दौलताबादला राहिलेले, वडिलांची कबर खुलताबादला. इब्न अरबींच्या मतांवर त्यांनी कठोर टीका केली. म्हणजे हा विरोध केवळ सूफींच्या शत्रूंचा नव्हता. खानकाहीत, म्हणजे सूफींच्या मठात बसून, त्याच प्रेमाची भाषा बोलणाऱ्या माणसाचाही होता.