डिव्हाइस ट्रीमधील इथरनेट स्विच पोर्ट

राउटरमधील इथरनेट स्विच चिप प्रोसेसरला कशी जोडली आहे, तिचा कोणता पोर्ट खोक्याच्या कोणत्या सॉकेटपर्यंत जातो आणि त्याला कोणत्या नावाने ओळखायचे, ही माहिती लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) डिव्हाइस ट्री या हार्डवेअर-वर्णन फाइलीतून दिली जाते. पीसीमधले पीसीआय कार्ड आपली ओळख आपणच सांगते. बोर्डावर सोल्डर केलेल्या स्विच चिपला मात्र आपल्यापासून निघालेल्या तारा कुठे पोहोचल्या आहेत हे कळण्याचा मार्गच नसतो, म्हणून ते कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

डिव्हाइस ट्रीचे मूळ ओपन फर्मवेअर या, संगणक सुरू करणाऱ्या प्राथमिक सॉफ्टवेअरच्या, १९९४ मधील आयट्रिपलई १२७५ या मानकात आहे. एआरएम प्रोसेसरांसाठी पूर्वी प्रत्येक बोर्डाचे वर्णन सी भाषेतील स्वतंत्र फाइलीत असे. अशा फाइलींच्या गर्दीवर लिनक्सचे निर्माते लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २०११ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केल्यानंतर एआरएमवरही डिव्हाइस ट्रीचा वापर वेगाने वाढला. स्विचसाठीची डिस्ट्रिब्युटेड स्विच आर्किटेक्चर, म्हणजे डीएसए, ही चौकट त्याआधीच, २००८ मध्ये, लिनक्स २.६.२८ मध्ये आली होती आणि ती सुरुवातीला मार्व्हेलच्या चिपांसाठी होती. डीएसएमध्ये स्विचचा प्रत्येक पोर्ट स्वतंत्र नेटवर्क इंटरफेस म्हणून दिसतो. फ्रेम, म्हणजे इथरनेटवरचा डेटाचा एक तुकडा, कोणत्या पोर्टातून आली किंवा कोणत्या पोर्टातून जायची आहे, हे प्रोसेसर आणि स्विच यांच्यामधल्या दुव्यावर फ्रेमला जोडलेल्या छोट्या टॅगवरून ठरते.

मीडियाटेकच्या एमटी७६२१ या राउटरांच्या प्रोसेसर चिपमध्ये एमटी७५३० हा सात पोर्टांचा स्विच अंतर्भूत आहे. पोर्ट ० ते ४ बाहेरच्या सॉकेटांसाठी असतात आणि पोर्ट ६ प्रोसेसरच्या पहिल्या इथरनेट कंट्रोलरला जोडलेला असतो. डिव्हाइस ट्रीत हा स्विच एमडीआयओ बसवरचा (नेटवर्क चिपांची सेटिंगे करण्याच्या नियंत्रण-तारांवरचा) एक नोड, म्हणजे वर्णनातली एक नोंद, म्हणून येतो. त्याच्या पोटात पोर्टांचा गट आणि गटात प्रत्येक पोर्टाचा नोड असतो. ‘रेग’ या गुणधर्मात चिपच्या हिशोबातला पोर्ट क्रमांक लिहितात, तर ‘लेबल’मध्ये वापरकर्त्याला दिसणारे ‘लॅन१’ (घरातले जाळे) किंवा ‘वॅन’ (इंटरनेटकडची बाजू) असे नाव. प्रोसेसरकडच्या पोर्टाला लेबलची गरज नसते. त्याऐवजी ‘इथरनेट’ हा गुणधर्म कंट्रोलरच्या नोडकडे बोट दाखवतो. या दुव्यावर बहुधा फाय (केबलवरचे विद्युत संकेत हाताळणारी) चिप नसते, त्यामुळे वेग आपसात ठरवण्याची सोयही नसते. म्हणून ‘फिक्स्ड-लिंक’ या उपनोडमध्ये १००० मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी वाहतूक) असे सरळ लिहून टाकतात. चिपच्या समाईक फाइलीत पोर्ट बंद ठेवलेले असतात आणि बोर्डाच्या फाइलीत त्यातले प्रत्यक्ष वापरातले तेवढेच ‘स्टेटस’ बदलून सुरू केले जातात.

सर्वाधिक चुका क्रमांक आणि नावे जुळवताना होतात. खोक्यावर ‘लॅन १’ असा छाप असलेले सॉकेट चिपच्या पोर्ट १ लाच जोडलेले असेल असे नाही. बोर्डावर तारा ओढण्याच्या सोयीनुसार क्रम उलटा ठेवणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. दोन लॅन पोर्टांची अदलाबदल झाली तर फारसे बिघडत नाही. वॅन आणि लॅन यांची झाली, तर घरातल्या डीएचसीपी सेवेने आपोआप दिले जाणारे पत्ते इंटरनेट सेवा देणाऱ्याच्या जाळ्यात वाटले जाऊ लागतात आणि फायरवॉल नको त्या बाजूला तोंड करून बसते. म्हणून एकेका सॉकेटमध्ये केबल लावून कर्नलच्या लॉगमध्ये कोणत्या इंटरफेसचा दुवा जुळला ते पाहणे, ही साधी चाचणी कागदावरच्या आकृतीपेक्षा भरवशाची ठरते.

दुसरी अडचण दुव्याचा प्रकार सांगणाऱ्या ‘फाय-मोड’ या गुणधर्माची असते आणि ती जास्त फसवी आहे. आरजीएमआयआय या, कंट्रोलर आणि स्विच किंवा फाय चिप यांच्यामधल्या, दुव्यावर गिगाबिट वेगाला १२५ मेगाहर्ट्झचे क्लॉक असते आणि ते डेटाच्या तुलनेत सुमारे २ नॅनोसेकंद उशिरा पोहोचावे लागते. हा विलंब बोर्डावरच्या तारांच्या लांबीतून मिळत असेल तर नुसते ‘आरजीएमआयआय’ लिहायचे. चिपने तो दोन्ही दिशांना घालायचा असेल तर ‘आरजीएमआयआय-आयडी’. विलंब दोन्हीकडून घातला गेला किंवा कोणीच घातला नाही, तर दुवा जुळल्याचे दिसते, पण पॅकेट पोहोचत नाहीत किंवा सीआरसी (फ्रेम वाटेत बिघडली का ते सांगणाऱ्या तपासणीच्या) त्रुटींचा आकडा चढत जातो. अशा वेळी केबल आणि ड्रायव्हर यांच्यावर संशय घेण्यात बराच वेळ जातो.

व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी आभासी जाळी), ब्रिज (अनेक पोर्ट एकत्र जोडणारी व्यवस्था) आणि आयपी पत्ते यांना डिव्हाइस ट्रीत जागा नाही, आणि ती नसणेच योग्य आहे. फाइलीने बोर्डावर काय आहे एवढेच सांगावे आणि त्याचा वापर कसा करायचा हे वापरकर्त्याच्या सेटिंगांवर सोडावे. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या लिनक्स प्रणालीत पूर्वी ‘एसडब्ल्यूकॉन्फिग’ या साधनामुळे ही सीमा धूसर होती: अनेक राउटरांत सगळा स्विच एकाच इंटरफेसमागे दडलेला असे आणि वॅन व लॅन व्हीलॅन क्रमांकांनी वेगळे केले जात. २०२१ च्या २१.०२ आवृत्तीत अनेक उपकरणे डीएसएवर गेली. जुन्या सेटिंगांतील पोर्ट क्रमांकांना तिथे अर्थ उरला नाही, त्यामुळे त्या उपकरणांवर नेटवर्कची सेटिंगे नव्याने करावी लागली.

डिव्हाइस ट्री कर्नल सुरू झाल्यावरच वाचली जाते. त्याआधीचे काही सेकंद स्विच बूटलोडरने (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने) सोडलेल्या अवस्थेत असतो आणि काही राउटरांत त्या वेळी वॅनसह सगळे पोर्ट एकमेकांना थेट जोडलेले असतात. डिव्हाइस ट्रीत कितीही काटेकोर लिहिले तरी तेवढा वेळ ती काही करू शकत नाही. तो बंदोबस्त बूटलोडरमध्येच करावा लागतो.