सोनं खरं, म्हणून नाणं खरं?

‘वजन बरोबर, कस बरोबर, म्हणजे नाणं अस्सल’ हा जुन्या अमेरिकी सुवर्णनाण्यांबद्दलचा समज साफ चुकीचा आहे. कित्येक नकली नाणी खऱ्या सोन्याचीच असतात, कारण संग्राहक दुर्मीळतेचे पैसे मोजतो.

१८५४ सालचं पाच डॉलरचं नाणं घ्या. वजन ८.३५९ ग्रॅम, सोनं ९० टक्के. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत अशी फक्त २६८ नाणी पडली. फिलाडेल्फियात लाखाच्या वर. फिलाडेल्फियाच्या अस्सल नाण्यावर गरुडाखाली ‘एस’ हे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं खुणेचं अक्षर चिकटवलं, तरी तराजू काय सांगणार? भिंग सांगतं. अस्सल अक्षर पृष्ठभागातूनच उठलेलं असतं. चिकटवलेल्याच्या बुडाशी बारीक सांधा दिसू शकतो. अख्खं नाणंच नकली साच्यातून पाडलेलं असेल, तर खुणा वेगळ्या: अनेक नाण्यांवर त्याच जागी तोच खळगा. सराफाची पावती धातूची असते, नाण्याची नव्हे.